अल्हाम्ब्रा गडाच्या तिकिटावरची नसरी महालांची वेळ चुकली तर नंतर आत सोडतात का? आम्ही दोघं स्पेनमधल्या ग्रॅनडाला जाणार आहोत.

नाही, सोडत नाहीत. गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी नसरी सुलतानांच्या या महालांचा प्रवेश ठरावीक वेळेचाच असतो. तिकिटावर छापलेली वेळ महालांच्या दाराशी पोहोचण्याची आहे, गडाच्या फाटकाशी नव्हे. बहुतेकांची फसगत इथेच होते. तिकीटखिडकीजवळच्या मुख्य प्रवेशापासून महालांपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, आणि हेनेरालीफेची बाग नेमकी उलट्या टोकाला. तिकीट आधीच काढलं असेल तर ‘प्वेर्ता दे ला हुस्तिसिया’ या दरवाजाने या, तिथून महाल जवळ पडतात. तिकीट नावावर असतं, त्यामुळे दोघांचेही मूळ पासपोर्ट जवळ हवेत. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवलेली बरी.

एकदा आत गेल्यावर मात्र कुणी घाई करत नाही. सिंहांच्या चौकात कारंज्याचे 12 संगमरवरी सिंह एकसारखे वाटतात. जवळून पाहिलंत तर प्रत्येकाचा चेहरा, आयाळ वेगळी.

वेळ चुकलीच, तरी दिवसा फिरण्याच्या साध्या तिकिटावर अल्काझाबा किल्ला आणि हेनेरालीफे पाहता येतात. गडातल्या राजा पाचव्या चार्ल्सच्या महालाला तर तिकीटच लागत नाही.