दूध उतरण्यासाठी मालीश : जोर नको, हलका हात हवा

प्रश्न : माझी मुलगी पहिलटकरीण असून तिच्या सिझेरियनला बारा दिवस झाले आहेत. दूध कमी आहे म्हणून मालीशवाल्या बाई तेल लावून तिचे स्तन इतके जोराने चोळतात की तिला रडू येते. बाळही सारखे रडते, त्यामुळे वरचे दूध सुरू करावे असे घरात सर्वांना वाटते. काय करावे?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, जोराने चोळणे आजच थांबवावे. स्तनांवर असा दाब पडला की आतली सूज वाढते, दुधाची वाट अडते आणि दुखणे मागे लागते. शिवाय दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिन हे संप्रेरक करीत असले, तरी तयार झालेले दूध बाहेर सोडण्याचे, म्हणजे आपण ज्याला पान्हा फुटणे म्हणतो ते, काम ऑक्सिटोसिनचे असते आणि वेदनेने व भीतीने नेमके तेच अडखळते.

मालीश उपयोगी पडते ते याच ठिकाणी, आणि त्याची सुरुवात पाठीपासून करावी. मुलीला खुर्चीवर बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवावी व तिच्यावर डोके टेकू द्यावे. मग मानेपासून खांद्याच्या फऱ्यांपर्यंत, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, अंगठ्यांनी लहान गोल फिरवीत दोन-तीन मिनिटे चोळावे. त्यानंतर कोमट पाण्यात पिळलेला कपडा स्तनांवर थोडा वेळ ठेवून बोटांच्या पेरांनी अगदी हळुवार हात फिरवावा आणि लगेच बाळाला पाजावे. स्तनाग्रांना तेल लावू नये.

मात्र दूध वाढते ते स्तन वारंवार रिकामे झाल्याने. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, रात्रीसुद्धा, बाळाला अंगावर घ्यावे; त्याने तोंड मोठे उघडून केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला पाहिजे. पाजून झाल्यावर हाताने काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू बाळंतिणीला अवश्य द्यावेत, पण पाजण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

बाळ रडते एवढ्यावरून दूध अपुरे आहे असे ठरत नाही. दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट भिजत असतील आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आले, तर काळजी नको. बारा दिवस झालेच आहेत, तेव्हा या एक-दोन दिवसांत वजन करून घ्यावे. लघवी कमी असेल किंवा बाळ मलूल पडून पाजायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. त्यांनी वरचे दूध सांगितले तर ते विनासंकोच द्यावे, मात्र गाई-म्हशीचे दूध स्वतःहून सुरू करू नये. मुलीला ताप आला किंवा स्तन लाल व गरम झाला, तर तिलाही डॉक्टरांना दाखवावे. त्या बाजूने पाजणे सहसा थांबवावे लागत नाही.

आणखी एक, न विचारलेले. नवजात बाळाची छाती कधी कधी फुगलेली दिसते आणि न्हाऊ घालताना ती पिळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते व आपोआप ओसरते. पिळल्याने तिथे गळू होऊ शकते, म्हणून बाईंना हेही स्पष्ट सांगावे.