इलिओस्टॉमीनंतर पुन्हा सूर्यनमस्कार, सिंहगड, पोहणं जमतं का?

तुम्ही लिहिलंय की अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार) मोठं आतडं काढलं, लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून (हीच इलिओस्टॉमी) त्यावर पिशवी येऊन चार महिने झाले. आधी रोज सूर्यनमस्कार, रविवारी सिंहगड आणि उन्हाळ्यात पोहणं असायचं. आता घरचे म्हणतात, ‘हलू नकोस, पिशवी निघेल.’

जमतं. माझीही इलिओस्टॉमीच आहे, त्याच आजारामुळे, कायमची, आणि मीही पुण्यातच राहते. मी डॉक्टर नाही, तेव्हा खालचं काहीही सुरू करण्याआधी सर्जनचा होकार घ्या. कुणाचे टाके कसे भरलेत हे ऑपरेशन करणाऱ्यालाच ठाऊक.

मला वाटतं, तुमच्या घरचे भलत्याच गोष्टीला घाबरतायत. पिशवी निघाली तर काय होतं? कपडे खराब होतात, चिडचिड होते, आंघोळ करून नवीन लावावी लागते. संपलं. जिवाला लागणाऱ्या गोष्टी दोनच, आणि दोन्ही पिशवीच्या आतल्या बाजूला आहेत: पोटाची भिंत आणि अंगातलं मीठ-पाणी.

आधी भिंत. स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, करताना पोटाच्या स्नायूत वाट करून त्यातून आतडं बाहेर आणतात. स्टोमा आहे तोवर ती वाट राहतेच. आतून जोर आला की स्टोमाच्या कडेने आतडं ढकललं जाऊ शकतं आणि भोवती फुगवटा येतो. हाच स्टोमाजवळचा हर्निया. तो बऱ्याच जणांना होतो. झाला की फ्लँज, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती, नीट बसत नाही, गळती वाढते, आणि दुरुस्त करायचा तर परत ऑपरेशन. म्हणून पहिले दोन-तीन महिने जड उचलू नका असं बजावून सांगतात, आणि पुढेही बेताने.

आता बघा, ‘व्यायाम नको’ म्हणणारं घरच आपल्याला दळणाचा डबा उचलून द्यायला सांगतं. गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, त्यात नुसता गॅसच १४.२ किलो. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे २० किलो. तुमच्या सूर्यनमस्कारांपेक्षा मला ही कामं जास्त धोक्याची वाटतात. सिलिंडर सरकवणं, गाद्या उलटणं, ओल्या चादरींची बादली गच्चीवर नेणं ही कामं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका, आणि परत घेऊ नका. खोकला किंवा शिंक आली की स्टोमावर तळहात दाबून आधार द्या. पलंगावरून ताडकन उठून बसू नका; कुशीवर वळून हाताने रेटा देत उठा.

व्यायामाची सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होते. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडत बेंबी हळूच आत ओढायची, पाठीची पोकळी जमिनीला टेकवायची, सोडायची. त्याच स्थितीत दोन्ही गुडघे जोडून थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे झुकवायचे. बघणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही. पण पोटाचे सगळ्यात आतले स्नायू याने जागे होतात, आणि स्टोमाभोवतीची भिंत त्यांच्याच जोरावर उभी असते. ज्याला सगळे पोटाचा व्यायाम समजतात, ते उताणं झोपून, पाय धरून ठेवून पुन्हा पुन्हा उठून बसणं (सिट-अप्स), आपल्यासाठी नाही. निदान फिजिओथेरपिस्टने पोट तपासल्याशिवाय तरी नाही.

सूर्यनमस्कारांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न परदेशी माहितीपत्रकांत कुठेच नसतो. उभ्याने करायच्या स्थिती लवकर जमतात. पुढे वाकताना पिशवी दुमडते, म्हणून ती आधी रिकामी हवी. साष्टांगात दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ एवढंच टेकतं, पोट वर उचललेलंच असतं. ती स्थिती नीट केली तर स्टोमा दाबला जात नाही. बहुतेक जण घाईत सपशेल पालथे पडतात, तसं नको. खरी अडचण भुजंगासनाची. त्यात पोट जमिनीवर दाबलंही जातं आणि ताणलंही जातं. मी त्याऐवजी गुडघे टेकून मार्जारासन करते आणि पुढच्या स्थितीत जाते. शुद्ध नमस्कार नसेल, पण घाम तेवढाच येतो. धनुरासन, शलभासन, मयूरासन यांत स्टोमावर अंगाचं वजन किंवा कोपर येतं, ती सोडलेली बरी. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, नौली यांत पोटाला झटके बसतात किंवा जोराने ओढ बसते, म्हणून मी करत नाही. योगवर्गात ‘कपालभातीने सगळे आजार जातात’ सांगणारं कुणीतरी भेटेलच, त्यांना हसून नमस्कार करा. अनुलोम-विलोम खुशाल करा.

आता मीठ-पाणी. आपल्या बाबतीत हा भाग जास्त महत्त्वाचा. मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत शोषून घेतं. तेच नाही म्हटल्यावर तो ऐवज रोज पिशवीतून बाहेर जातो. शरीर सरावलं की दिवसाला साधारण ६०० ते ८०० मिलीवर येतं, तरी साध्या माणसापेक्षा आपण कायम थोडे कोरडेच. त्यावर एप्रिलचं ऊन आणि चढाचा घाम. पोटऱ्यांत गोळे येणं, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, लघवी कमी आणि गडद पिवळी होणं या खुणा दिसल्या की व्यायाम तिथेच थांबवायचा.

अशा वेळी लोक बाटलीभर साधं पाणी घटाघट पितात. मोठं आतडं नसताना एकदम नुसतं पाणी जास्त प्यायलं की ते मीठ सोबत घेऊन पिशवीत उतरतं आणि तहान तशीच राहते. म्हणून घोट घोट आणि मिठाचं प्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अंदाजाने अर्धं-पाऊण घालून उपयोग नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मी त्यात लिंबू पिळते. मीठ घातलेलं ताकही चांगलं. खोक्यातली गोड फळपेयं मात्र ओआरएस नव्हेत. जास्त साखरेने पिशवी उलट लवकर भरते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आणि पिशवीत दिवसभरात येणारं प्रमाण दीड लिटरच्या वर जायला लागलं तर डोंगर वगैरे विसरून आधी त्यांना फोन करा.

सिंहगडाला थेट जाऊ नका. आधी सपाटीवर चाला, मग पर्वती. तिच्या १०३ पायऱ्या मध्ये थांबत, कठडा धरत चढता येतात, आणि नको वाटलं तर दहा मिनिटांत रिक्षात बसता येतं. मग तळजाई, वेताळ टेकडी. तिथे दम आणि पाणी दोन्हींचा अंदाज आला की आतकरवाडीची वाट. निघण्याआधी दोन तास पोटभर खाऊ नका, पिशवी रिकामी करून निघा, वाटेतही एक तृतीयांश भरली की रिकामी करा, कारण जड पिशवीच फ्लँज ओढते. पाठपिशवीत मापाने कापून ठेवलेली फ्लँज, एक-दोन पिशव्या, ओले कागद, वर्तमानपत्र, बंद होणारी प्लास्टिकची पिशवी आणि जादा पाणी ठेवा. वापरलेली पिशवी रिकामी करून गुंडाळून घरी आणायची, गडावर टाकायची नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. वर गेल्यावर मडक्यातलं दही बिनधास्त खा. भाजलेल्या कणसाचा वास कितीही आला तरी सोडा. मक्याचे दाणे, ओलं खोबरं, शेंगदाणे हे नीट चावलं गेलं नाही तर स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतं, आणि पोटात कळा सुरू झाल्यावर गड उतरणं फार वाईट.

पोहणं त्यापेक्षा सोपं आहे. पिशवी पाण्यात टिकते, स्टोमातून पाणी आत जात नाही, क्लोरीनने त्याला काही होत नाही. पिशवीला वारा जाण्यासाठी फिल्टर असेल तर डब्यात मिळणारा छोटा स्टिकर त्यावर चिकटवायचा, नाहीतर भिजून फिल्टर निकामी होतो. फ्लँजच्या कडांना चिकटपट्ट्या लावल्या की मन शांत राहतं. लावल्या लावल्या पाण्यात उतरू नका, तासभर तरी जाऊ दे. बाहेर आल्यावर कडा पांढऱ्या पडून फुगलेल्या दिसल्या तर बदलायची वेळ झाली समजा. फ्रॉकसारखा झालर असलेला गडद, नक्षीचा पोशाख घेतला की काहीही दिसत नाही. तलावावर डॉक्टरांचा दाखला मागतात, तो सर्जनकडूनच घेऊन ठेवा, म्हणजे दारात वाद घालावा लागत नाही.

पिशवीबद्दल उरलेलं थोडक्यात. घामाने चिकटपणा कमी होतो, तेव्हा उन्हाळ्यात आणि दमट हवेत ती एरवीपेक्षा लवकर बदलावी लागते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, फक्त खर्च वाढतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमाची सूज उतरून तो लहान होतो, त्यामुळे तुम्ही अजून जुन्याच मापाचं भोक कापत असाल तर परत मोजा. कडेची उघडी कातडी तिथूनच सोलते. आणि परकराची नाडी! साडीत किंवा सलवारीत ती नेमकी स्टोमावरून जाते आणि पिशवीत काही खाली उतरूच देत नाही. चालायला जाताना रुंद इलॅस्टिकची, स्टोमाच्या बऱ्याच वरपर्यंत येणारी पँट घाला.

धावणं, सायकल, जिम, सगळं पुढे जमतं. जिममध्ये वजन हलकं ठेवा, उचलताना श्वास रोखू नका, सोडा. गुदद्वारही काढून शिवलं असेल तर सायकलच्या सीटसाठी ती जखम पूर्ण भरेपर्यंत थांबा, तिला काही महिने लागू शकतात. पोटावर मार बसेल असे खेळ स्टोमावर कडक संरक्षक कवच बसवल्याशिवाय नकोत. रॉल्फ बेनिर्श्के नावाचा अमेरिकी फुटबॉलमधला किकर १९७९ मध्ये याच आजाराच्या ऑपरेशनांतून गेला आणि १९८० मध्ये परत मैदानात उतरला. घरच्यांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे. मला स्वतःला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण त्याला भांड्यांची पाटी उचलायची नव्हती.

स्टोमा निळा-काळा दिसला, भोवती फुगवटा आला, तो अचानक लांब बाहेर आला, किंवा चार-सहा तास पिशवीत काहीच न येता कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर थेट हॉस्पिटल. पुसताना थेंबभर रक्त दिसलं तर घाबरू नका, स्टोमाचा पृष्ठभाग म्हणजे आतड्याचं अस्तर, ते नाजूक असतं.

राहता राहिले घरचे. पुढच्या तपासणीला त्यांच्यापैकी सगळ्यात जास्त घाबरणाऱ्याला बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: मी किती किलो उचलू शकते, आणि कोणती आसनं नकोत. हॉस्पिटलात स्टोमा नर्स असेल तर तिलाही भेटा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. किलोचा आकडा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात सिलिंडरच्या वर चिकटवा.