नोकरी गेल्याचं गावाकडे घरी कसं सांगावं?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या कंपनीनं ऑगस्टमध्ये कामावरून कमी केलं, यवतमाळकडच्या गावात आई-बाबांना अजून माहीत नाही, आणि शिलकीतून दर महिन्याला पैसे पाठवणं चालूच आहे. आता सांगायचं कसं?

लवकर सांगा आणि आकड्यांसकट सांगा. तुमचा पगार चालू आहे असं धरून घर पुढचे व्यवहार ठरवत असतं, खरं नुकसान तिथे होतं. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी चालू आहे. आता हरभऱ्याचं बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर येईल, बोअर मारायचं निघेल. यातलं काही पक्कं होण्याआधी घरी कळायला हवं. घरात कुणाचं साक्षगंध (साखरपुडा) ठरत असेल तर समोरच्या सोयऱ्यांनाही त्याच्या आधीच सांगा.

गावी निघण्यापूर्वी एका कागदावर लिहा: बँकेत किती, खोलीभाडं आणि मेस किती, हप्ते किती, म्हणजे किती महिने निघतील. कंपनीकडून शेवटचा हिशोब आणि अनुभवपत्र मिळालं का तेही बघा. पीएफ मोजताना जपून. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर क्लेम अडतो. दोन महिन्यांनंतर ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. आधारवरचं आणि पीएफमधलं नाव जुळत नसेल तरी अडतो. नोकरी पाच वर्षांहून कमी झाली असेल आणि रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर टीडीएस कापला जाऊ शकतो. म्हणून पासबुकात दिसणारा आकडा बाबांना 'हातात आलेला' म्हणून सांगू नका. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-बाबांचं नाव असेल तर तो बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या भरवशावर ठेवलं असेल तर हे नक्की सांगा.

फोनवर नको. तो ओसरीत स्पीकरवर असतो आणि शेजारी बसलेले असतात. बाजाराच्या दिवशीही नको, कारण वेचणीवाल्या बायांची मजुरी त्याच दिवशी चुकती करायची असते. दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, दोघंही समोर असताना बोला. आधी आईला सांगून 'बाबांना सांगू नको' म्हणणं मला अगदी चुकीचं वाटतं. तिला एकटीला ते झेपत नाही, आणि बाबांना दुसरीकडून कळलं की राग तिच्यावर निघतो.

शब्द सरळ ठेवा, आकडे तुमचे घाला: "बाबा, कंपनीनं मले ऑगस्टमध्ये कामावरून कमी केलं. माह्याजवळ फेब्रुवारीपर्यंत पुरतीन एवढे पैसे आहेत. घरी आठ हजार पाठवत होतो, आता तीन पाठवीन." एवढं बोलून थांबा. रागावले किंवा गप्प बसले तरी लगेच समजूत घालू नका. 'किती दिवसांत लागंन?' असं विचारतील. तारीख देऊ नका, ती चुकली की पुढचं काहीच खरं वाटत नाही. कुठे अर्ज केले, कुणाशी बोलणं चालू आहे, ते सांगा. 'कंपनीनं घरून काम दिलं' हेही नको. गावातला एखादा पोरगा पुण्यात असतोच.

त्याच बैठकीत एक गोष्ट स्पष्ट मागून घ्या: माझ्यासाठी कापूस घाईनं खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) देऊ नका, बैल विकू नका, सावकाराकडे जाऊ नका. मायबाप हे न विचारता करतात आणि मग वर्षभर निस्तरत बसतात. गावात कुणी विचारलं तर घरच्या सगळ्यांनी काय सांगायचं, तेही तेव्हाच ठरवा. 'ते काम सुटलं, दुसरं पाहून राहिला' पुरेसं आहे.

घरी राहणार असाल तर वावरातलं काम आणि नोकरी शोधण्याची वेळ वेगळी ठेवा, नाहीतर दिवस डवरणी-ओलितातच जातो. सकाळी वावर, दुपारी दोन ते पाच अर्ज आणि फोन, असं बाबांशी बोलून ठरवा. मुलाखतीच्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी, गरज पडली तर तालुक्याला जा. आणि तुमच्या किंवा बाबांच्या बोलण्यात 'जगून काय करू' असं येऊ लागलं, तर वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.