भैरवी झाली म्हणजे कार्यक्रम संपत नाही

अगं, तुझा मेसेज काल रात्री बघितला. कार्यक्रम, तारखा आणि पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या त्या परदेशी सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट पण बघितला, दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे आणि वर्षाचं एकदम भरलं तर दोन महिने फुकट वगैरे. 'ताई घेऊ का?' असं विचारलंयस. घेऊ नकोस. म्हणजे कधीच घेऊ नको असं नाही, पण आत्ता तुझे वर्षाला गाण्याचे पंधरा-वीस कार्यक्रम होतायत, चार विद्यार्थी ऑनलाईन आहेत आणि यूट्यूबवर सहा व्हिडिओ, एवढ्याला ते लागत नाही. शिवाय मी अशी दोन-तीन ट्रायलवर वापरून बघितलीत. ती बँडसाठी केलेली असतात, तेच पाच जण, तीच गाडी, रोज वेगळं गाव आणि स्टॉलवर टीशर्ट किती खपले त्याचा हिशोब. आपल्याकडे दर वेळी तबल्याला वेगळा, पेटीला वेगळा, अर्धं बोलणं फोनवर आणि उरलेलं व्हॉट्सॲपवर, आणि मानधन कधी बँकेत तर कधी शाल-श्रीफळासोबत पाकिटात. ते पाकीट कुठल्या रकान्यात टाकायचं हे त्या सॉफ्टवेअरला माहीतच नसतं.

तू एक गूगल शीट उघड. एक कार्यक्रम म्हणजे एक ओळ. ही ओळ आयोजकाचा पहिला फोन येतो त्या दिवशी उघडते, आणि बंद कधी होते हेच आपल्यातल्या बहुतेकांना कळलेलं नसतं. भैरवी झाली, टाळ्या झाल्या, घरी आलो, संपलं असं वाटतं. तसं नसतं गं. पैसे पूर्ण आले, संगतकारांचे देऊन झाले आणि कापलेला टीडीएस (म्हणजे मानधनातून आधीच कापून घेतलेला आयकर) तुझ्या नावावर दिसला की मगच ती ओळ बंद.

उदाहरण घे. समज एका मंडळाने कोजागिरीला ६०,००० ठरवले. वर्षभरात एकाच संस्थेकडून फी ५०,००० च्या वर गेली की ते १० टक्के कापणार (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती), म्हणजे हातात ५४,०००. त्यातून तबला, पेटी, टाळ, गाडी. आता ते ६,००० कुठे गेले? ते तुझेच आहेत, सरकारकडे जमा व्हायला पाहिजेत आणि तुझ्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी यादीत (२६एएस) दिसायला पाहिजेत, तरच रिटर्न भरताना त्यांचं क्रेडिट मिळतं. माझे एका संस्थेने कापले आणि पॅनमध्ये एक अक्षर चुकवलं. मला कळलं दोन वर्षांनी, तोपर्यंत खजिनदार बदललेला, नवीन माणूस म्हणतो मॅडम आमच्या काळातलं नाही ते. म्हणून शेवटचा रकाना 'टीडीएस दिसला का' आणि दर तीन महिन्यांनी बसून तो तपासायचा. पॅन फोनवर कधी सांगू नकोस, टाईप करून पाठव. पॅन मिळालाच नाही तर ते २० टक्के कापतात.

बिलासाठी झोहो इन्व्हॉइस घे, फुकट आहे, बिल नंबर आपोआप चढत जातो. आपण वर्डमध्ये जुनंच बिल उघडून नाव बदलतो आणि मग दोन संस्थांना एकाच नंबरचं बिल जातं. जीएसटीचं आत्ता डोक्यात घेऊ नको, वर्षाला २० लाखांच्या पुढे गेलीस की मला पेढे दे आणि मग सीएकडे जा.

कॅलेंडरचं मात्र नीट वाच, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. एकांनी मला जूनमध्येच सांगितलं पाडव्याची पहाट तुमची, मी डायरीच्या शेवटच्या पानावर 'पाडवा, पहाट' असं लिहून ठेवलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांचा फोन आला, ते तारीख म्हणाले, मी त्या तारखेचं पान उघडलं तर कोरं, हो म्हटलं. गणपती झाल्यावर कालनिर्णय बघते तर दोन्ही एकच दिवस! एकांची माफी मागितली, त्यांनी ती दिली पण कार्यक्रम परत कधी दिला नाही. तेव्हा तिथी ऐकायची, लगेच कालनिर्णय बघायचं आणि फोनवरच तारीख वार उलटून म्हणून घ्यायची. कार्यक्रम महाराष्ट्राबाहेरचा असेल तर जास्तच जपायचं. २०२४ ला आपलं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दिवाळी ३१ ऑक्टोबरला झाली, २०२५ ला आपलं २१ ऑक्टोबरला आणि तिकडे २० ला. 'दिवाळीच्या दिवशी या' म्हणणारा दिल्लीचा आयोजक आणि तू, दोघं वेगळ्याच दिवसाबद्दल बोलत असाल. गूगल कॅलेंडरमध्ये जी दिवाळी दिसते ती बघून तर अजिबात ठरवू नको.

दोन रंग ठेव. 'तारीख राखून ठेवा' म्हणाले की पिवळा, ॲडव्हान्स आला की हिरवा. पिवळ्या तारखेला दुसरं कोणी विचारलं तर पहिल्यांना फोन करून सरळ विचारायचं, यात उद्धटपणा काही नाही. आणि तुझ्या त्या न्यू जर्सीच्या मुलींचा क्लास त्यांच्याच टाइमझोनमध्ये टाक. तिकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात, इव्हेंट भारतीय वेळेत टाकला तर तू तानपुरा लावून तासभर एकटीच बसशील.

व्हॉट्सॲप बिझनेस तू वापरतेसच. त्याची लेबलं वापर, 'पेमेंट बाकी' हे सगळ्यात कामाचं. ('नवीन ऑर्डर' असं पण एक आहे, कोजागिरीच्या मैफलीला ऑर्डर म्हणायला जिवावर येतं, मी नाव बदलून 'विचारणा' केलंय.) क्विक रिप्लायमध्ये (आधी लिहून ठेवलेली तयार उत्तरं) तुझं साउंडचं पत्रक ठेव: माइक किती, मॉनिटर किती, बैठक केवढी उंच, पट्टी काळी चार, कोमट पाणी, आणि पहाटेचा कार्यक्रम असेल तर साउंडवाला किती वाजता हजर पाहिजे. हे फोनवर सांगून उपयोग नाही, सांगितलेलं सगळे विसरतात, पाठवलेलं निदान दाखवता येतं.

आता रेकॉर्डिंगचं. तू डिस्ट्रोकिडवरून (स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणी चढवून देणारी कंपनी) तो अभंग टाकलास त्याला एक आयएसआरसी मिळालाय, बारा अक्षरांचा कोड, तो त्या रेकॉर्डिंगचा कायमचा. तो लगेच शीटच्या दुसऱ्या पानावर लिही. उद्या स्वस्त पडतं म्हणून कंपनी बदललीस आणि तेच रेकॉर्डिंग नव्या कोडने चढवलंस तर आत्तापर्यंतची ऐकणाऱ्यांची संख्या मागेच राहते. प्रत्येक गाण्यासमोर चाल कोणाची, शब्द कोणाचे, कोणी वाजवलं, आणि वाजवणाऱ्याला पैसे एकरकमी दिले की पुढे हिस्सा आहे तेही लिही, आत्ता सगळं आठवतंय, पाच वर्षांनी भांडण होतं ते यावरूनच. पुढचं गाणं टाकशील तेव्हा स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांना आधी कळवता येतं, पण रिलीजच्या निदान सात दिवस आधी. तू रात्री मिक्सिंग संपवून सकाळी टाकतेस. एकादशी गाठायची असते मान्य आहे, मग मिक्सिंग पंधरा दिवस आधी संपव.

आणि रॉयल्टीच्या संस्थांचा घोळ. आयपीआरएस १९६९ पासून आहे, पण ती गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांची. गाणाऱ्यांसाठी इसरा (आता वाजवणाऱ्यांनाही घेऊन तिचं नाव इसाम्रा झालंय), ती २०१३ ची, आदल्या वर्षी कॉपीराइट कायदा बदलला आणि गायकांच्या रॉयल्टीला आधार मिळाला म्हणून उभी राहिली. तुझ्या दोन गाण्यांना चाल तुझीच आहे, म्हणजे तुला दोन्हीकडे बघायला पाहिजे. यातून उद्या फ्लॅट येणार नाहीये, पण नोंदच नसेल तर शंभर रुपये पण येणार नाहीत.

एक रकाना मात्र कुठल्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये मला सापडला नाही: 'काय गायलं'. माझे गुरुजी एका लांबट वहीत गाव, साल, राग, बंदिश, शेवटी काय झालं आणि समोर कोण बसलं होतं ते लिहायचे. एकदा सांगलीला जायच्या आधी त्यांनी वही उघडून दाखवली, तीन वर्षांपूर्वी तिथे पूरियाच गायले होते, म्हणाले आज मारवा. मी नुसती बघत राहिले. तूही तेच कर, कार्यक्रमाच्या रात्री, परतीच्या गाडीत, फोनवर. दुसऱ्या दिवशी मध्यलयीत कुठली बंदिश घेतली तेही आठवत नाही गं, माझा अनुभव आहे. नाट्यपदाची फर्माईश कोणी केली ते पण लिही, पुढच्या वर्षी त्या काकांकडे बघून तेच पद सुरू केलंस की काय होतं बघ.

संगतकारांचं वेगळं पान कर: बँक, पॅन, शाकाहारी की नाही, पहाटेचे कार्यक्रम घेतात का. पासपोर्ट लागतील तेव्हा लागतील, अमेरिकेचा दौरा ठरला की पी-३ या कलाकारांच्या व्हिसासाठी तुझ्याबरोबर त्यांचेही कागद लागतात आणि तेव्हा कोणाचा तरी पासपोर्ट संपत आलेला निघतोच. पण हे पान 'लिंक असेल त्याला दिसेल' असं ठेवू नको हं! लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत ते, आपले नाहीत.

यातलं काही हाताने झेपेनासं झालं, म्हणजे कार्यक्रम साठ-सत्तर झाले किंवा तुझी तारीख दुसरं कोणी बघायला लागलं, तर घे सॉफ्टवेअर, मीच सांगेन. घेताना पहिल्यांदा सगळा डेटा शीटमध्ये बाहेर काढायचं बटण कुठे आहे ते शोध. ते नसलं तर बाकीचं कितीही गोड दिसू दे, बंद कर.

रविवारी चारनंतर ये, मिळून शीट करू. लॅपटॉपचा चार्जर आण, मागच्या वेळी विसरलीस. आणि दिवाळी पहाटेचे तबल्याचे पैसे दिलेस का ते येण्याआधीच मेसेज करून सांग, तो परवा मला भेटला होता, बोलला काही नाही, पण तुझं नाव काढल्यावर जरा गप्प झाला.

तुझी,
ताई