चार नद्या कशासाठी?

प्रश्न : कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूजच्या नद्यांवरच्या कवितेत युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मिसिसिपी एकापाठोपाठ येतात. एवढी नावं कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : मलाही आधी तो भूगोलाचा तास वाटला होता! मग कवितेची जन्मकथा वाचली. १९२० साली शाळा नुकतीच संपवलेला ह्यूज वडिलांकडे मेक्सिकोला निघाला होता. सेंट लुईसजवळ, सूर्यास्ताच्या वेळी गाडी मिसिसिपीवरून गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत पाकिटाच्या पाठीवर कविता उतरली. १९२१ मध्ये ती ‘द क्रायसिस’ मासिकात छापून आली.

त्याच मिसिसिपीवरून गुलामांना दक्षिणेकडच्या मळ्यांवर विकायला नेत. तिकडे विकलं जाणं ही गुलामासाठी सर्वांत भयंकर गोष्ट. ह्यूजला पुलावर तेच आठवलं. पण तो तिथेच थांबत नाही. काँगोकाठी झोपडी आहे, नाईलवर पिरॅमिड. म्हणजे आम्हा कृष्णवर्णीयांचा इतिहास गुलामगिरीपासून सुरू होत नाही, असं तो नद्यांच्या तोंडून वदवतो. (हे माझं वाचन, तुमचं वेगळं असेल तर जरूर कळवा.)

आणखी एक. त्याच्या अस्थी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग केंद्राच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या ग्रंथालयाच्या, फरशीखाली आहेत. वरच्या नक्षीत याच कवितेतल्या नद्या वाहतात.