बुगडीची मागची बाजू

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावीला, कला शाखेत. दोन वर्षांपासून ती घरीच कानातले आणि माळा बनवते. मधुबाला, नूतन, जयश्री गडकर अशा जुन्या नट्यांची नावं देऊन ते इन्स्टाग्रामवर विकते. एक जोड १५० रुपयांना. वडील म्हणतात, आधी साधी पदवी घे, हे छंद नंतर. आईचे प्रश्न तीन: याचं रीतसर शिक्षण कुठे मिळतं, यावर पोट भरेल का, आणि नट्यांची नावं-फोटो वापरलेले चालतात का? सोबत सहा दागिन्यांचे फोटो आहेत.

ताई, नमस्कार.

फोटो सावकाश पाहिले. चार कानातल्यांत नटीचा फोटो रेझिनच्या पारदर्शक थराखाली बसवलेला आहे. काम स्वच्छ आहे, पण त्यातली नजर त्या छायाचित्रकाराची आहे, तुमच्या लेकीची नाही. मोत्यांची माळ तयार मणी आणून ओवलेली दिसते. सहावी वस्तू मात्र मी पुन्हापुन्हा पाहिली. तांब्याच्या तारेची बुगडी. ‘सांगत्ये ऐका’मधलं (१९५९) जयश्रीबाईंचं बुगडीचं गाणं पाहून केली, असं तिने खाली लिहिलं आहे. बुगडी कानाच्या वरच्या कडेला टोचून घालायची असते आणि आज तिथे टोचून घेणाऱ्या मुली कमी. तिने तारेला असा बाक दिला आहे की बुगडी न टोचता कानाला धरून बसते. पडद्यावर जे दिसलं ते तिने आजच्या कानासाठी सोडवलं. हे डिझाइन आहे, आणि या एका वस्तूमुळे मी तुम्हाला ‘करू द्या’ असं सांगतो आहे.

सिनेमातला दागिना कॅमेऱ्यासाठी घडलेला असतो, हे तिला लवकर कळलं तर बरं. हॉलिवूडमध्ये १९३०-४०च्या दशकांत युजीन जोसेफ नावाचे कारागीर स्टुडिओंना दागिने पुरवत. झगझगीत सोन्यावर दिव्यांचा उजेड परावर्तित होऊन चित्र बिघडायचं, म्हणून त्यांनी मंद, मातकट झळाळीचा मुलामा वापरला. शिवाय दागिने ते विकत नसत, भाड्याने देत. त्यामुळे वस्तू त्यांच्याकडेच राहिल्या आणि त्या वस्तूंसारखे दागिने त्यांना पुढे दुकानांतूनही विकता आले. धंदा कसा करावा, हेही त्यात शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडचं पाहायचं तर तुम्ही अगदी योग्य जागी राहता. ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था १९२९ साली शेजारच्या कोल्हापुरात सुरू झाली. दुर्गाबाई खोटे नायिका असलेला तिचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, पहिला मराठी बोलपट. त्याच कोल्हापुरात गुजरी या सराफ बाजारात आजही साज हा गळ्यातला दागिना घडतो आणि जवळच्या हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतं. कृष्णधवल चित्रात खड्याचा रंग कळत नाही, कळतो तो आकार आणि चमक. रंग तिला स्वतः ठरवावा लागेल. मला तर ही मोठी मोकळीक वाटते.

म्हणून तिला एक काम द्या. दहा नट्या नकोत, एकच निवडायची. तिच्या एका चित्रपटातले दागिने थांबवून थांबवून बघायचे आणि प्रत्येकाची तीन चित्रं काढायची: समोरून, बाजूने, मागून. मागची बाजू पडद्यावर बहुतेक दिसतच नाही. फिरकी कुठे, वजन कुठे पडेल, केस कुठे अडकतील हे तिलाच शोधावं लागेल. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. जुनी छायाचित्रं आणि पोस्टरं तिथे जपलेली आहेत. एकदा घेऊन जा.

आता शिक्षण. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात धातुकामाची पदवी आहे. प्रवेश कसा होतो, ते महाविद्यालयातच विचारून घ्या. निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेत ॲक्सेसरी डिझाइनची, म्हणजे दागिने-पिशव्यांसारख्या वस्तूंच्या डिझाइनची, चार वर्षांची पदवी आहे. ती चांगली आहे, पण खर्च काही लाखांत जातो, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. अंधेरीला दागिने आणि रत्नं याच विषयाची स्वतंत्र संस्थाही आहे. माझा कल ज. जी.कडे, कारण या मुलीचा हात तिच्या पेन्सिलीपेक्षा पुढे आहे. शिवाय ती पदवीच आहे, हे वडिलांना जरूर सांगा. संगणकावर तीन महिन्यांत डिझायनर करू म्हणणाऱ्या वर्गांना आत्ता पैसे भरू नका. तार ओढणं, कानस मारणं, डाक देऊन झाळणं, म्हणजे धातूचे तुकडे जोडणं, हे हाताला माहीत नसेल, तर संगणकावर काढलेला दागिना घडवताना कारागीर तो बदलून टाकतो आणि हिला वाद घालता येत नाही.

तुम्ही लिहिता, ‘आम्ही सोनार नाही, कोण शिकवणार?’ खरं आहे, अनोळखी मुलीला कारखान्यात सहज बसू देत नाहीत. ‘शिकवा’ म्हणत जाऊ नका, काम घेऊन जा. त्याच बुगडीचे दहा जोड चांदीत करून मागा, मजुरी ठरवा, आणि ती घडताना शेजारी बसायची परवानगी घ्या. पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा. गिऱ्हाइकाला सहसा कोणी उठवत नाही.

पैशाचं गणित मी मांडून पाहिलं. तुमच्या आकड्यांप्रमाणे १५०च्या जोडात ६० रुपये सामान, २० रुपये डबी आणि पाकीट, वेळ अडीच तास. म्हणजे तासाला २८ रुपये. या भावात कितीही जोड विकले तरी पोट भरणार नाही, फक्त मान आणि डोळे दुखतील. फोटोचे कानातले बंद करून बुगडीसारख्या दोन-तीन वस्तू तिने नीट किमतीला विकाव्यात. ज्या तारेत निकेल असतं तिने अनेकांचे कान लाल होतात, म्हणून कानाला लागणारा भाग चांदीचा हवा. तेवढी किंमत गिऱ्हाईक देतं. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या डिझाइन विभागात नोकरी करावी लागेल, हे गृहीत धरा.

फोटोंबद्दल. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो; छायाचित्राचा मात्र २०१२च्या दुरुस्तीपासून सहसा छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. कलाकाराचं नाव आणि चेहरा परवानगीशिवाय धंद्याला वापरण्यावर काही प्रकरणांत न्यायालयांनी मनाई केली आहे. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाबतीत केली. चेहरा छापू नका, नाव लावून विकू नका. बुगडीचा पारंपरिक घाट कुणाच्या मालकीचा नाही. तिने त्यात केलेला नवा बाक मात्र डिझाइन कायद्याखाली नोंदवता येईल का, हे विकण्याआधी विचारायचं असतं, कारण बाजारात आलेलं डिझाइन नवं धरत नाहीत. ही बुगडी विकली गेली असेल, तर पुढच्या वस्तूपासून काळजी घ्या.

परीक्षा झाली की पहिल्या सुट्टीत हुपरीला जाऊन या. दहा जोड तयार झाले की मला फोटो पाठवा, मागच्या बाजूचे.