सिनेमा बघून मार्क मिळतात का?

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की समुपदेशक म्हणून एक तक्रार माझ्याकडे हमखास येते: "मॅडम, पोरीनं सिनेमा, रील्स, मीम्स असला विषय घेतलाय. त्याचं पुढे करायचं काय?" नव्या शैक्षणिक धोरणानंतर असे विषय निवडीच्या यादीत दिसू लागले आणि नाशिकमधल्या बऱ्याच घरांत धुसफूस सुरू झाली.

एस.वाय.च्या एका मुलीनं असाच विषय घेतला होता. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) घरी मात्र 'समाजशास्त्र' सांगितलं होतं. झोप उडाली, तासाला जाणं टाळू लागली. वडील सातपूरला कंपनीत, मूळचे पेठ तालुक्याकडचे.

"कशाची भीती वाटते?"

"बाबा म्हणतील, टाइमपास करतेस."

"म्हणू देत. मग?"

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मलाही ते खरं वाटेल."

बाबा अजून काही बोललेच नव्हते. ते वाक्य ती स्वतःच स्वतःला रोज ऐकवत होती. माणसाला बाहेरच्या बोलण्यापेक्षा त्यावरचा स्वतःचा विश्वास जास्त छळतो, यावर माझं सगळं काम उभं आहे. म्हणून बाबांची समजूत घालायला मी गेलेच नाही. तिला म्हटलं, "विषयाची वकिली करू नकोस. केलेलं काम दाखव."

काही भेटींनंतर ती वडिलांनाच घेऊन आली. खरं काय ते घरी सांगून झालं होतं. बाबा घुश्शातच बसले होते. तिनं असाइनमेंट उघडली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे बाबांना ठाऊक होतं. पण फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके नावाच्या एकाच नटानं राम आणि सीता दोघांचंही काम केलं होतं, हे नव्हतं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याकडे बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवण्याचा उत्सव, असतो. "आमच्या बोहाड्यात देवीचं सोंग गडीच घेतो. कुणी हसत नाही. पाया पडतात."

"मग साडी नेसून रील करणाऱ्याला का हसतात, बाबा? मी तेच शोधतेय."

हा प्रश्न तिनं इतक्या सहज विचारला की माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवडे आठवडे मान खाली घालून बोलणारी हीच मुलगी! बाबांनी मोबाइल काढला आणि सोंग घेणाऱ्या एका चुलत्याचा नंबर तिला दिला. त्या क्षणी विषय पटवून द्यायची गरजच उरली नाही, कारण बाप-लेक दोघंही त्याच प्रश्नात गुंतले होते. अशी बैठक जुळून आली की मला माझ्या कामाचं समाधान वाटतं.

पालकांना मी आधी हिशोब मांडून दाखवते. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाचं वजन मोजायचं माप) लागतात, असा एखादा निवडीचा विषय बहुधा दोन किंवा चार क्रेडिटचा. त्यानं मुख्य विषय बुडत नाही. "स्कोप काय?" हे जरूर विचारा, पण त्याआधी "या आठवड्यात काय लिहिलंस?" हे विचारा. मुलाखती घेणं, पुरावा शोधणं, मुद्देसूद लिहिणं ही कामं होत असतील तर ती मुलाखतीत, नोकरीत, स्पर्धा परीक्षेच्या निबंधातही उपयोगी पडतात.

आणि मुलांनो, सोपे मार्क म्हणून हा विषय घेऊ नका. आवडता सिनेमा दहादा बघणं वेगळं, त्यातल्या एका प्रसंगावर चार पानं लिहिणं वेगळं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लिहायचा कंटाळा येऊ लागला, तर विषय बदलण्याची मुदत कधी संपते ते कॉलेजच्या ऑफिसात लगेच विचारून घ्या.